आर्ताची हाक आणि शासनाचा कान

श्रावण शुद्ध पौर्णिमा ही आपल्या पंचांगातील एक विलक्षण तिथी होय. कोकणच्या किनाऱ्यावर आज कोळी बांधव वाजतगाजत दर्याला नारळ अर्पण करतात आणि पावसाळ्यात किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याचा मुहूर्त धरतात. घरोघरी आज भगिनी भावाच्या मनगटाला रक्षासूत्र बांधते. आणि येथून शेकडो कोस दूर, काश्मीरच्या हिमाच्छादित पर्वतराजीत, श्रीअमरनाथाची वार्षिक यात्रा परंपरेने याच तिथीला पूर्ण होते. एका टोकाला सागर, दुसऱ्या टोकाला हिमालय आणि मधोमध मनगटावरचा एक धागा, असे या पौर्णिमेचे चित्र आहे. तिन्ही ठिकाणी मागणे एकच असते. जो दूर गेला आहे तो सुखरूप परत यावा.

या मागण्याचा विचार करू लागले म्हणजे सध्याच्या काळातील एक विसंगती मनात घर करते. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याच्या होडीवर, संकटात सापडल्यास उपग्रहामार्फत हाक मारता येईल असे यंत्र बसविण्याचे कार्य आपल्या शासनाने हाती घेतले आहे, आणि ते सर्वथैव स्तुत्य आहे. परंतु हिमालयातील निर्जन घळीत अडकलेल्या यात्रेकरूच्या, वाटाड्याच्या किंवा घोडेवाल्याच्या हाती तसे काहीही नाही. इतकेच नव्हे, तर उपग्रहाशी जोडलेले एखादे साधन त्याने स्वतःहून परदेशातून आणून जवळ बाळगले, तर तो गुन्हेगार ठरण्याचाच संभव अधिक. एकाच राष्ट्राच्या दोन लेकरांपैकी एकाला कंठ द्यावा आणि दुसऱ्याला मूक ठेवावे, हे कसे? आजच्या पर्वदिनी या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साधनाचे स्वरूप

ज्याला ‘पर्सनल लोकेटर बीकन’ असे म्हणतात त्या साधनाला आपण आर्तसंकेतक म्हणू. ‘आर्त’ म्हणजे संकटाने गांजलेला. भगवद्गीतेने भक्तांचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आर्ताचा उल्लेख सर्वप्रथम येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे साधन मुठीत मावेल एवढे असते. त्याची अँटेना उलगडून कळ दाबली की ते ४०६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे जगभर अशा संकटसंदेशांसाठीच राखून ठेवलेल्या लहरींवर, सुमारे दर ५० सेकंदांनी एक अत्यल्प काळाचा संदेश आकाशात सोडू लागते आणि निदान २४ तास सोडत राहते. त्या संदेशात साधनाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो, आणि आजच्या बहुतेक साधनांत ते जेथे आहे तेथील अक्षांश-रेखांशही असतात. जोडीला १२१.५ मेगाहर्ट्झवर एक क्षीण ध्वनी चालू राहतो. जवळ आलेल्या शोधपथकाने त्या ध्वनीचा माग काढीत माणसापर्यंत पोहोचावे, अशी ही योजना आहे. या साधनावरून कोणाशी बोलता येत नाही, चित्रे पाठविता येत नाहीत, क्षेमकुशल विचारता येत नाही. ‘मी अमुक, मी येथे आहे, मला वाचवा’ एवढेच ते सांगते. त्याला मासिक वर्गणी नाही आणि मोबाइलच्या मनोऱ्याचीही गरज नाही. त्याला लागते ते फक्त मोकळे आकाश.

या व्यवस्थेचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये अलास्कात अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांना घेऊन निघालेले एक लहान विमान नाहीसे झाले. ३९ दिवस शोध घेऊनही त्याचा मागमूस लागला नाही. त्यानंतर विमानांवर संकटसूचक यंत्र असण्याचा आग्रह वाढला, आणि भूमीवरून ऐकू न येणारी ही हाक आकाशातून ऐकता येईल काय, या दिशेने विचार सुरू झाला. १९७९ साली अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स या चार देशांनी एकत्र येऊन ‘कॉस्पास-सारसॅट’ नावाची योजना आखली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ परस्परांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते त्या काळातली ही गोष्ट आहे. १९८२ च्या जूनमध्ये सोव्हिएत संघाने या योजनेतील पहिला उपग्रह सोडला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघांचे प्राण त्यामुळे वाचले. सोव्हिएत उपग्रहाने पाश्चात्त्यांची हाक ऐकली! तेव्हापासून आजवर जगभरातील ५० हजारांहून अधिक माणसांच्या सुटकेस या व्यवस्थेचा हातभार लागला आहे.

भारत या व्यवस्थेच्या बाहेर नाही. आपल्या अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, यासाठीचे नियंत्रण केंद्र बेंगळूरु येथे आहे, आणि उपग्रहाचे संदेश उतरवून घेणारी भूस्थानके बेंगळूरु व लखनौ येथे आहेत. आपल्या देशाबरोबरच नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, सेशेल्स आणि टांझानिया यांच्या हद्दीतील हाकाही याच केंद्राकडे येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीएस या हवामान-उपग्रहावरही संकटसंदेश टिपणारे यंत्र बसविलेले आहे. तात्पर्य, ऐकणारा कान आपल्यापाशी आहे, आणि तो उत्तम प्रतीचा आहे.

दर्यावरचा धडा

हा कान कोळ्यांच्या उपयोगी कसा आला, ते पाहू. इस्रोने खास मासेमारी नौकांसाठी एक स्वदेशी संकटसूचक यंत्र तयार केले आणि २०१० पासून ते वापरात आहे. नौका बुडू लागली, आग लागली, कोणी अत्यवस्थ झाले, तर खलाशी कळ दाबतो. संदेश उपग्रहामार्फत बेंगळूरुला जातो, तेथे नौकेची ओळख व ठिकाण उकलले जाते, आणि ती माहिती तटरक्षक दलाच्या बचाव-समन्वय केंद्राकडे पोहोचते. अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरात आली. जानेवारी २०२४ मध्ये या यंत्राची सुधारलेली आवृत्ती प्रसृत झाली. तिच्यात एक मोलाची भर आहे. हाक ऐकली गेली, मदत निघाली आहे, असे उलट उत्तर खलाशाला मिळते. भर समुद्रात लाटांशी झुंजणाऱ्या माणसाला त्या उत्तराने केवढा धीर येत असेल, हे सांगावयास नको.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस आलेल्या ओखी वादळाने या कामाची निकड सर्वांच्या प्रत्ययास आणून दिली. केरळ व तामिळनाडूचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. किनाऱ्यावरून दिलेल्या सूचना तेथवर पोहोचल्या नाहीत, आणि त्यांचे आक्रंदन किनाऱ्यावर पोहोचले नाही. कित्येकांना जलसमाधी मिळाली. त्याच वादळात दक्षिणेकडील साठाहून अधिक नौका वाऱ्यापुढे वाहत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या आणि शेकडो खलाशी सुखरूप उतरले. परंतु ते जिवंत आहेत, हे त्यांच्या घरी कळेपर्यंत त्या घरांवर काय प्रसंग गुदरला असेल? संकटात सापडलेल्याला जशी सुटका हवी असते, तशी घरी बसलेल्याला वार्ता हवी असते. संपर्क तुटला की दोघेही बुडतात.

या धड्यातून शासन काही शिकले, हे नमूद केले पाहिजे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एका देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक नौकांवर टप्प्याटप्प्याने उपग्रह-संपर्काची यंत्रे बसवावयाची, आणि त्यासाठी सुमारे ३६० कोटी रुपये खर्च करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. गरीब मच्छीमाराला हे यंत्र परवडणार नाही, म्हणून ते शासनाने द्यावे, हे तत्त्व येथे मान्य झाले आहे. आपल्या युक्तिवादाचा पाया हाच आहे.

डोंगरातील मौन

आता हिमालयाकडे वळू. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथच्या वाटेवर अवकाळी हिमवर्षाव झाला आणि २४० हून अधिक यात्रेकरू गारठून मृत्यू पावले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये कैलास-मानसरोवराच्या वाटेवरील मालपा हा मुक्काम दरडीखाली गाडला गेला, आणि सुमारे ६० यात्रेकरूंसह दोनशेंवर माणसे गेली. जून २०१३ चा केदारनाथचा प्रलय तर सर्वांच्या स्मरणात आहे.

यांपैकी प्रत्येक प्रसंगी संकेतक असता तर सर्व वाचले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मालपाच्या दरडीने कोणाला कळ दाबण्याची उसंत दिली नसती. परंतु केदारनाथच्या घटनेतील एक भाग विचारार्ह आहे. पुराच्या लोंढ्यातून निसटलेली कित्येक माणसे जीव वाचविण्यासाठी वरच्या जंगलात चढली. लोंढा त्यांना गाठू शकला नाही, पण थंडीने व उपासमारीने गाठले. पुढील वर्षांतील शोधमोहिमांत, अगदी २०१६ मध्येही, त्रियुगीनारायणाच्या बाजूच्या वाटांवर त्यांचे अस्थिपंजर सापडले. पुरातून वाचलेली ही माणसे, ती कोठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते म्हणून मेली. आर्तसंकेतक अशाच माणसांसाठी असतो.

अलीकडचे उदाहरण जून २०२४ मधील आहे. उत्तराखंडातील सहस्रताल या उंचावरील तळ्याकडे गेलेला २२ जणांचा चमू ३ जून रोजी हिमवादळात सापडला. त्यांत बहुसंख्य कर्नाटकातील गिर्यारोहणप्रेमी होते. दुर्घटनेची वार्ता जिल्हा प्रशासनापर्यंत पोहोचली ती दुसऱ्या दिवशी, आणि हवाई दलाच्या साहाय्याने सुटका झाली ती त्याच्याही नंतर. नऊजण दगावले. वादळ चालू असताना हेलिकॉप्टर उडू शकत नाही, हे खरेच. परंतु वादळ ओसरताच कोठे उतरावयाचे, हे आधीच ठाऊक असणे आणि वार्ता येण्याची वाट पाहणे, यांत जो अवधी जातो तो गोठणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा अवधी असतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. २०२२ पासून अमरनाथच्या प्रत्येक यात्रेकरूला गळ्यात एक आरएफआयडी पट्टी बाळगावी लागते. ही पट्टी म्हणजेच आपला पत्ता सतत कळविणारे यंत्र, अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः तसे नाही. वाटेवर ठिकठिकाणी जी वाचकयंत्रे उभारलेली असतात, त्यांच्याजवळून जाताना या पट्टीची नोंद होते. यात्रेकरू अमुक नाक्यावरून पुढे गेला आणि पुढच्या नाक्यावर पोहोचला नाही, एवढे त्यावरून कळते. ते उपयुक्तच आहे. परंतु दोन नाक्यांच्या मध्ये घळीत पडलेला माणूस त्या पट्टीने हाक मारू शकत नाही. मोजदाद आणि हाक या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आणि हा प्रश्न केवळ यात्रेकरूचा नाही. यात्रेकरू चार दिवस येतो आणि जातो. घोडेवाले, डोलीवाले, सामान वाहणारे हमाल, मेंढ्या घेऊन उंच कुरणांवर जाणारे धनगर हे सारा हंगाम त्याच धोक्यात वावरतात. सागरावर जसा कोळी, तसे डोंगरावर हे.

कायद्याची अडचण

मग डोंगरावर ही सोय का झाली नाही? पहिले कारण सुरक्षेचे आहे, आणि ते क्षुल्लक मानता येणार नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये समुद्रमार्गे मुंबईवर चालून आलेल्या दहशतवाद्यांनी उपग्रह-फोनचा वापर केला होता, हे आपण मुंबईकरांच्या रक्ताने लिहिलेले सत्य आहे. दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून उपग्रह-फोन बाळगण्यास आपल्या देशात मनाई आहे. या मनाईची मुळे १८८५ च्या तार कायद्यात व १९३३ च्या बिनतारी कायद्यात आहेत, आणि हल्ली तिला सुरक्षेचे सबळ कारण लाभले आहे. सीमावर्ती प्रदेशांत ती असणे समजण्यासारखे आहे.

परंतु मनाईच्या जाळ्यात कोण सापडतो, तेही पाहावे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यात, दाबोळी विमानतळावर, डोंगरवाटांवर धावण्याचा छंद असलेल्या एका कॅनेडियन महिलेला सामानातील उपग्रह-संदेशकामुळे अडविण्यात आले आणि पोलिसी कारवाईस तोंड द्यावे लागले. तिने ते साधन लपविले नव्हते. तिच्या देशात ते गिर्यारोहकाच्या शिदोरीइतकेच सामान्य समजले जाते. पुढे विमान कंपन्यांनी प्रवाशांना या मनाईची माहिती द्यावी, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बजावले. ते योग्यच झाले. तथापि सूचना देण्याने मूळ प्रश्न सुटत नाही.

मूळ प्रश्न भेद करण्याचा आहे. न्यायशास्त्रात ज्याला व्यावर्तक धर्म म्हणतात, म्हणजे एका वस्तूला दुसरीपासून वेगळे करणारे लक्षण, तो येथे शोधला पाहिजे. उपग्रहाशी जोडलेली साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार उपग्रह-फोनचा. त्यावरून कोणालाही, काहीही बोलता येते. दुसरा प्रकार संदेशकाचा. त्यावरून लहान लहान लेखी निरोपांची देवाणघेवाण होते, आणि ती बहुधा परदेशी खाजगी कंपनीच्या जाळ्यातून होते. तिसरा प्रकार म्हणजे आपला आर्तसंकेतक. त्याला एकच वाक्य येते, आणि त्याची हाक या हद्दीत ज्या केंद्राकडे जाते ते शासनाचेच आहे. पहिल्या दोहोंविषयी शासनाने सावध असावे. परंतु ज्या साधनाचा शब्द थेट शासनाच्याच कानी पडतो, त्याची शासनाने धास्ती का घ्यावी? एखाद्या घातपात्याने ते वापरलेच, तर तो स्वतःचाच ठावठिकाणा अधिकाऱ्यांना कळवील!

हा भेद कागदावर स्पष्ट होऊन तो विमानतळावरील तपासनीसापासून तपासणी-नाक्यावरील शिपायापर्यंत पोहोचला नाही, तोवर सामान्य माणूस हे साधन घेण्यास धजणार नाही. दुसरे कारण व्यवस्थेचे आहे. समुद्रावरील हाक तटरक्षक दलाने उचलावयाची, हे ठरलेले आहे. विमानांसाठी विमानतळ प्राधिकरणाची समन्वय-केंद्रे आहेत. डोंगरात मात्र जबाबदारी राज्याचे आपत्ती दल, पोलिस, सीमा पोलिस, सेना व हवाई दल अशी अनेकांत विभागलेली असते. हे सर्वजण प्रसंगी जिवावर उदार होऊन काम करतात, यात शंका नाही. पण बेंगळूरुहून आलेला निरोप पहिल्या मिनिटाला कोणी उचलावयाचा, याचे उत्तर प्रत्येक यात्रामार्गावर आधीच लिहिलेले असले पाहिजे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप खोट्या हाकांचा. जगभरच्या अनुभवावरून, संकेतकांच्या बहुसंख्य हाका चुकून दाबलेल्या कळीच्या असतात, हे खरे आहे. यावर उपाय नोंदणीचा. साधन घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि घरच्यांचा दूरध्वनी यांची नोंद ओळख-क्रमांकासह केंद्राच्या दफ्तरी असली, की हाक येताच अधिकारी प्रथम घरी विचारणा करतो. ‘ते तर येथे चहा घेत बसले आहेत’ असे उत्तर आले की प्रकरण मिटते, आणि ‘ते यात्रेला गेले आहेत’ असे आले की शोधाला दिशा मिळते. नोंदणी नसलेला संकेतक म्हणजे पाकिटावर पत्ता नसलेले पत्र होय.

दुसरा आक्षेप असा की, खिशात संकेतक आहे म्हणून माणसे अविचाराने धोक्यात शिरतील. हा संभव नाकारता येत नाही. परंतु याच न्यायाने गावात दवाखाना नको, कारण माणसे पथ्य पाळणार नाहीत, असेही म्हणावे लागेल. संकेतक हा अखेरचा उपाय आहे, आणि जीवाला किंवा अवयवाला धोका असल्याखेरीज त्याची कळ दाबावयाची नसते, हे साधन देतानाच पढविले पाहिजे.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. ‘देवाच्या दारी निघालो, आता तारणारा तो आणि मारणारा तो’, असे म्हणणारे भाविक पुष्कळ भेटतात. काशीयात्रेला निघालेला माणूस परत येईलच असे पूर्वी कोणी धरीत नसे, हेही खरे. पण त्यामागे निरुपाय होता, तो सिद्धान्त नव्हता. श्रीमद्भागवताच्या अष्टम स्कंधातील गजेंद्राचे आख्यान आम्ही कीर्तनकार नेहमी लावतो. त्यातील गजेंद्र ‘जे व्हायचे ते होवो’ म्हणून स्वस्थ राहिला नाही. आधी त्याने स्वबळाने नक्राशी झुंज दिली. बळ सरले आणि सगेसोयरेही हतबल झाले, तेव्हा त्याने सोंड उंच करून, कमळ वर धरून हाक मारली. हाक मारणे हा अश्रद्धेचा प्रकार असता, तर भागवतकारांनी ते आख्यान लिहिलेच नसते. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी आळशाच्या उपहासासाठी रचली, हे भाविकांनी विसरू नये.

कर्तव्य काय?

शासनाने तीन गोष्टी कराव्यात. संकेतकाला उपग्रह-फोनापासून वेगळे काढून त्याच्या परवानगीची व नोंदणीची पद्धत सुटसुटीत करावी, आणि ती हिंदी, मराठी आदी भाषांत प्रसिद्ध करावी. दुसरे, प्रत्येक यात्रामार्गावरील हाकेची जबाबदारी एका नियंत्रण-कक्षाकडे निश्चित सोपवावी. तिसरे, बालताल, पहलगाम, सोनप्रयाग, धारचुला अशा ठिकाणी संकेतक काही दिवसांकरिता उसने देण्याची सोय करावी. ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स या डोंगराळ प्रदेशात पदभ्रमणाला निघणाऱ्याला उद्यान-कार्यालयातून वा पोलिस ठाण्यातून असे साधन विनामूल्य उसने मिळते. माणूस परतला की साधनही परत येते. परदेशी बाजारात एका साधनाला तीनशे-चारशे डॉलर पडतात. एका कुटुंबाला हा भार मोठा आहे, पण हंगामात वीस चमूंच्या हाती फिरणाऱ्या साधनाला तो फारसा नाही. प्रत्येक यात्रेकरूला एकेक देण्याचीही गरज नाही. प्रत्येक चमूच्या वाटाड्याकडे, घोडेवाल्यांच्या प्रत्येक टोळीकडे एक असले तरी पुष्कळ झाले.

देवस्थाने आणि दानशूर मंडळी यांनाही येथे वाव आहे. आपल्या धर्मशास्त्रात प्रपादानाचे, म्हणजे पाणपोई घालण्याचे, माहात्म्य सांगितले आहे. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थोतीर्थी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. त्या काळच्या वाटसरूला पाणी आणि छप्पर हवे होते. आज यात्रामार्गांवर लंगर आणि भंडारे उदंड आहेत, अन्नावाचून कोणी राहत नाही. आजच्या वाटसरूची उणीव निराळी आहे, ती म्हणजे निर्जन जागी त्याचा आवाज कोणापर्यंत पोहोचत नाही. एका भंडाऱ्याच्या खर्चात काही संकेतक येतील. कायद्याची वाट मोकळी झाल्यावर असे दान कोणत्याही प्रपादानाहून उणे ठरणार नाही.

आणि तोवर यात्रेकरूने काय करावे? परवानगीवाचून उपग्रह-साधन जवळ बाळगू नये. ज्या चमूबरोबर जावयाचे, त्याच्याकडे अधिकृत परवान्याचा उपग्रह-फोन आहे काय, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. कोणत्या वाटेने, कोणत्या दिवशी, कोठे मुक्काम आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास काळजी करावी, हे लिहून घरी ठेवावे. आपल्या मोबाइलला जाळे मिळत नसले, तरी दुसऱ्या कंपनीचे जाळे तेथे असल्यास ११२ हा क्रमांक लागू शकतो. गळ्यात शिट्टी आणि पिशवीत विजेरी असावी. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वा प्रकाश, मग एक मिनिट विश्रांती, पुन्हा सहा वेळा, हा पर्वतप्रदेशातील सर्वमान्य संकटसंकेत आहे. त्याला उत्तर मिनिटाला तीन वेळा येते. ही विद्या फुकट आहे आणि आजच घरातील मुलांना शिकविता येईल.

ज्यांच्या हाती रीतसर परवानगीने संकेतक येईल, त्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. घळीच्या तळाशी किंवा कड्याला चिकटून त्याची हाक आकाशापर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून जमेल तितक्या मोकळ्या जागी जावे आणि अँटेना उभी धरावी. एकदा चालू केल्यावर, सुटका होईपर्यंत तो बंद करू नये व ती जागाही सोडू नये. त्याच्या विद्युत्-घटाची मुदत निघण्यापूर्वी तपासावी.

आज सायंकाळी किनाऱ्यावर नारळ वाहिले जातील आणि पुढील दिवसांत होड्या दर्यात जातील. त्यांतील कित्येकांवर ते लहानसे यंत्र असेल, आणि घरी राहिलेल्या माउलीला त्याचा आधार वाटेल. ही सोय कोळ्यांना देताना शासनाने कोणाची श्रद्धा तपासली नाही, की कोणावर संशय घेतला नाही. हाच न्याय हिमालयातील माणसाला लावण्यासाठी नवे उपग्रह सोडावयाचे नाहीत, नवे केंद्र उभारावयाचे नाही. एका परिपत्रकाची स्पष्टता, एका कक्षाची नेमणूक आणि उसने देण्यापुरत्या संकेतकांची एक पेटी एवढेच हवे आहे. पुढील श्रावणी पौर्णिमेच्या आत, निदान बालताल व सोनप्रयाग येथे, ती पेटी ठेवली जावी, अशी या पर्वदिनी लोकप्रतिनिधींकडे आमची मागणी आहे.